रद्दीच्या काट्यावरचे ज्ञान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



जुन्या पुस्तकांचे एखादे दुकान बंद पडले की ‘वाचन संपले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान अपुरे आहे. हा प्रश्न वाचकांच्या आवडीपेक्षा जागेच्या भाड्याचा अधिक आहे.

या धंद्याचे अर्थकारण पाहा. घरोघरची पुस्तके रद्दीवाला किलोच्या भावाने उचलतो. त्याच्या काट्यावर ग्रंथ आणि कालचे वर्तमानपत्र यांत भेद नसतो. जुन्या पुस्तकांचा विक्रेता त्या ढिगातून पुस्तक वेचतो, पुसतो, चिकटवतो आणि वाचक येईपर्यंत सांभाळतो. रद्दीला पुन्हा पुस्तकाचे मोल येते ते त्याच्या श्रमांमुळे. परंतु गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नसतो, आणि इतका संथ खपणारा माल स्वस्त जागेवाचून टिकत नाही. जमिनीचे भाव कडाडले की असा धंदा आधी उठतो व पुस्तके लगद्यासाठी कागद गिरणीत जातात.

मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील पुस्तकविक्रेत्यांना २००५ साली पालिकेने हटविले. काळबादेवीचे शंभरी ओलांडलेले ‘न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप’ २०११ मध्ये बंद झाले. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली न्यायालयाच्या आदेशानंतर पदपथावरून उठला. परंतु तेथील विक्रेते एकजुटीने उभे राहिले आणि महिला हाटच्या आवारात त्यांना जागा मिळाली.

आता जुनी पुस्तके संगणकावरून घरबसल्या मागविता येतात, हे खरे. परंतु स्वस्त पुस्तकाचा टपालखर्च त्याच्या किमतीहून अधिक होतो. म्हणजे दुर्मीळ, महाग पुस्तक तरते आणि गरीब विद्यार्थ्याचे पुस्तक बुडते. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमविली होती, याचे विस्मरण आपल्याला परवडणारे नाही.

तेव्हा केवळ हळहळून भागणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असले पाहिजेत. पुस्तकविक्रेत्यांना त्या समितीत आवाज मिळावा आणि प्रत्येक शहरात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवावी, ही मागणी आपल्या शाखांनी हाती घ्यावी. ज्ञानाच्या समान वाटपाची भाषा आपण नेहमी बोलतो. ते वाटप पदपथावर बसून करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हे आपले कर्तव्यच ठरते.