बाळंतविड्याची यादी

बाळंतविडा हा शब्द आता बोलण्यातून मागे पडत चालला आहे. पण तो ज्या काळी घरोघर ऐकू येई, त्या काळी त्याच्या पोटात एक सबंध व्यवहार सामावलेला असे. पहिलटकरणीचे दिवस भरत आले, की माहेरच्या बायका पेट्या उघडीत. वापरून मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी निघत, मलमलीची झबली बेतली जात, कानांवर नीट बसणारे टोपरे आणि डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी कुंची शिवली जाई. आणि त्याच वेळी आईसाठी डिंक, खारीक, अळीव, सुंठ आणि तूप यांची जमवाजमव चाले. बाळाची तयारी आणि आईची तयारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे कोणाच्या मनातही येत नसे.

आज त्या पेटीच्या जागी दुकानाची यादी आली आहे. तिच्यात पाळणा असतो, बाबागाडी असते, न्हाऊ घालण्याचा टब असतो, दूध गरम करण्याचे यंत्र असते, ओल्या रुमालांची पाकिटे असतात, आणि बाळाच्या बुटांचे जोडही असतात. ज्याला अजून मान धरता येत नाही, त्याने ते घालून कोठे जावे, हे मात्र यादी सांगत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर किंवा दिल्लीसारख्या शहरी, माहेर-सासरापासून दूर, दोन खोल्यांत संसार मांडलेल्या तरुण जोडप्याला ही यादी वाचून दडपण येते. विचारावे, तर वडीलधारी बाई जवळ नाही. आणि दुकानदाराला विचारावे, तर कोणतीही वस्तू अनावश्यक आहे असे तो म्हणणार नाही. म्हणून बेताच्या मिळकतीच्या घराने पहिल्या काही महिन्यांसाठी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा आज थोडा विचार करू.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. बाळंतपणाचा खर्च नुकताच झालेला असतो. पुष्कळ स्त्रियांची मजुरी किंवा पगार त्या महिन्यांत बंद असतो. अशा वेळी वस्तूंवर गेलेला पैसा कोठून तरी कमी होतो, आणि आपल्या घरांची रीत पाहता तो बहुधा आईच्या ताटातून कमी होतो. बाळाची गादी रेशमी आणि आईच्या पानावर दूध-भाजी नाही, हा हिशेब कोणत्याही बाजूने जुळत नाही. कारण पहिले सहा महिने बाळाचे सारे अन्न त्या ताटातूनच यावयाचे असते.

तेव्हा आधी बाळाला काय हवे, ते पाहू. नुकते जन्मलेले मूल अडीच-तीन किलोंचे असते. पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन थोडे घटते, दोन आठवड्यांच्या आत बहुधा भरून येते, आणि पाच-सहा महिन्यांत दुप्पट होते. त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. रोगजंतूंशी झुंजण्याची शक्ती त्याच्यात अजून आलेली नसते. त्याचे पोट इवलेसे असते. आणि तोंडावर पांघरूण आले, तर ते बाजूला करणे त्याला जमत नाही. यांवरून त्याच्या गरजा चारच ठरतात : ऊब, दूध, स्वच्छता आणि निर्धोक झोप. कोणतीही वस्तू हाती घेताना तीन गोष्टी विचाराव्या. ती या चारांपैकी कोणती गरज भागविते? ती धुऊन उन्हात वाळविता येते काय? आणि ती किती दिवस उपयोगी पडेल? या प्रश्नांपुढे यादीतील पुष्कळशा वस्तू आपोआप गळून पडतात.

प्रथम कपड्यांचे पाहू. लहान बाळाला दिवसाकाठी दहा-बारा लंगोट सहज लागतात, आणि पावसाळ्यात ते वाळण्यास दोन दिवस जातात. म्हणून दोन डझन लंगोट हवेत. ते विकत घेण्याचे कारण नाही. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. हातभराहून थोडे मोठे चौकोन कापले, तर रुंदीत दोन आणि लांबीत चौदा बसतात; विरलेला भाग टाकून दिला, तरी दोन डझन लंगोट एका जुन्या सुती लुगड्यातून निघतात. आजीचे लुगडे नसेल, तर धोतर किंवा सुती चादर चालेल. मात्र ते कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावे. यांखेरीज बंदांची, पुढून उघडणारी सहा झबली, चार टोपरी, मोज्यांचे तीन-चार जोड आणि सहा दुपटी पुरतात. डोक्यावरून ओढून घालावयाचा कपडा घेऊ नये. मान न धरणाऱ्या मुलाला तो घालताना त्याची आणि आईची, दोघांचीही परीक्षा होते. मूल झपाट्याने वाढत असल्यामुळे बेताच्या मापाची झबली महिन्याभरात आखूड होतात. म्हणून ती थोडी सैलच शिवावी. बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालू नये, अशी रीत पुष्कळ घरांत होती. तिच्यामागची समजूत काहीही असो. अनेकदा धुतलेले सुती कापड बाळाच्या कातडीला खळ दिलेल्या नव्या कापडाहून सुखाचे असते, हे खरे.

तयार डायपरचा हिशेबही करून पाहावा. नगाला दहा रुपये धरले आणि दिवसाला दहा लागले, तर महिन्याचे तीन हजार होतात. तेच डायपर केवळ रात्री आणि प्रवासात, म्हणजे दिवसाला दोन वापरले, तर सहाशेंत भागते. कामावर जाणाऱ्या, पाण्याची टंचाई असलेल्या किंवा मदतीला कोणी नसलेल्या आईने ते वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. आईची झोप हीदेखील घरातील मोलाची वस्तू आहे. परंतु सोय कोठे संपते आणि सवय कोठे सुरू होते, ते ओळखावे.

ऊब राखण्यासाठी यंत्र लागत नाही. बाळाच्या देहाच्या मानाने डोके मोठे असते आणि तेथून उष्णता लवकर निघून जाते. म्हणून पहिल्या दिवसांत, विशेषतः थंडीत, टोपरे महत्त्वाचे. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने चाचपून पाहावे. दोन्ही उबदार असली, तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असले, तर बाळाला थंडी वाजत आहे. त्याला उराशी घ्यावे आणि एक पांघरूण वाढवावे. दोन्ही गार लागली, तर उराशी धरूनच त्याला दवाखान्यात न्यावे. उराशी धरण्याचा हा उपाय केवळ मायेचा नाही. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात १९७८ साली, काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्यामुळे, डॉक्टर एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारूच्या नावाने ओळखली जाणारी ती पद्धती आज जगभर मान्य झाली आहे. शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नये; कोळशातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

झोपेसाठी सपाट, घट्ट अंथरूण हवे. मऊ फुगीर गादी नको. बाळाला उताणे निजवावे. उशी नको, राईचीही नको. तोंडाजवळ जाड रजई आणि खेळणी नकोत. पाळणा नातेवाइकांकडून फिरत आला, तर उत्तमच. पाच-सहा महिन्यांत, बाळ हातांवर जोर देऊन उठू लागले, की तो सोडावाच लागतो. फक्त त्याचे सांधे, दोर आणि गजांतील अंतर नीट तपासून घ्यावे. एक चांगली मच्छरदाणी मात्र जरूर विकत घ्यावी.

दुधाच्या बाबतीत सर्वांत स्वस्त तेच सर्वांत चांगले, असा योग संसारात क्वचितच येतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक टाकू नये, कारण रोगांपासून रक्षण करणारे द्रव्य त्यात भरपूर असते. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, पाणीदेखील, देऊ नये. आईच्या आजारामुळे किंवा अन्य कारणाने वरचे दूध द्यावेच लागले, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे, आणि त्यासाठी त्या आईला कोणी बोल लावू नये. पण तेव्हाही बाटलीपेक्षा उकळून घेतलेली वाटी आणि चमचा, किंवा आपले जुने बोंडले बरे. बाटलीच्या बुचातील घाण सहज निघत नाही. बाटल्या आणि दुधाची पूड यांच्या जाहिरातींस आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, यावरूनही त्या वस्तूंचे स्थान ध्यानी यावे.

न्हाणीघरासाठी निराळी खरेदी नको. पहिला दिवस उलटेपर्यंत न्हाऊ घालण्याची घाई करू नये. नाळ गळेपर्यंत कोमट पाण्यात भिजविलेल्या मऊ कापडाने अंग पुसून घेतले, तरी पुरे. नाळ कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, राख, तेल काहीही लावू नये. पुढे एक स्वच्छ घंगाळ किंवा बादली, सौम्य साबणाची वडी आणि थोडे खोबरेल तेल एवढ्यावर भागते. पावडर नको, तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते.

नव्या यादीची अशी छाननी करताना जुनीलाही सूट देता कामा नये. आजीच्या पेटीत शहाणपण होते, तसे काही टाकण्यासारखेही होते. डोळ्यांत घालावयाच्या काजळात शिसे असू शकते. मधाचे बोट वर्षाच्या आतील मुलाला घातक ठरू शकते. बाळगुटी उगाळण्याची सहाण आणि पाणी यांच्याबरोबर जंतू पोटात जातात. धुरीने इवल्या फुप्फुसांना त्रास होतो. तीट गालाला लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावावी. दृष्ट लागणारे डोळे तेथवर पोचतीलच, आणि बाळाचा हात तेथून तोंडात जाणार नाही.

साध्या वस्तू आणि जाणते हात एवढ्यावर किती साधते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन बाळाचे वजन करावे, ताप पाहावा, श्वास मोजावा, ऊब आणि स्तनपान सांभाळावे, आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यावे, अशी ती योजना होती. गडचिरोलीचा हा अनुभव १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक उतरले होते. त्या घरांत बाबागाड्या नव्हत्या. पुढे २०११ पासून अशा गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला. रुग्णालयात जन्मलेल्या मुलाच्या घरीही आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येते. तिला दारातून परत पाठवू नये.

म्हणून माझ्या यादीत काही जिनसा बिनपैशांच्या आहेत. जन्मतःच द्यावयाच्या क्षयाच्या, पोलिओच्या आणि कावीळ ‘ब’ च्या लसी सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात. त्यांची नोंद असलेले कार्ड जपून ठेवावे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत केल्यास शुल्क पडत नाही. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे आणि आजारी नवजात बालकाचे उपचार विनामूल्य आहेत. आणि धोक्याची चिन्हे पाठ असावीत : बाळ दूध ओढीनासे होणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे, ताप किंवा अंग गार पडणे, झटके येणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ताप पाहण्यासाठी एक थर्मामीटर अवश्य घ्यावा, काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट, हे बाळाचे ठीक तापमान होय.

राहिला प्रश्न आप्तांच्या भेटींचा. फिनलंड देशाने १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या कपड्यांची एक पेटी देण्यास सुरुवात केली, आणि १९४९ पासून ती सर्वच मातांना खुली झाली. पुठ्ठ्याची ती पेटी पुढे बाळाचा बिछानाही होई. ती मिळविण्यास एकच अट होती : आईने गरोदरपणी वेळेवर तपासणी करून घेतलेली असावी. आपल्याकडील आत्या, मावशा आणि कचेरीतील मित्रमंडळी यांनीही बारशाला पाचवे झबले आणण्याऐवजी असा काही विचार करावा. कोणी महिनाभराचे दूध लावून द्यावे, कोणी डिंकाचे लाडू करून पाठवावे, कोणी चार दिवस येऊन लंगोट धुवावे, आणि कोणी दुपारी दोन तास बाळाला सांभाळून त्याच्या आईला निजू द्यावे. आईबापांनीही काय हवे, हे संकोच न करता सांगावे.

दोन डझन लंगोट, सहा झबली, चार टोपरी, मोज्यांचे काही जोड, सहा दुपटी, सपाट अंथरूण, मच्छरदाणी, वाटी-चमचा, साबण, खोबरेल तेल आणि थर्मामीटर : एवढीच ही यादी. तिच्यातील निम्म्या वस्तू घरातच सापडतील. जो पैसा उरेल, त्यातून बाळाच्या आईसाठी दूध, डाळ, भाजी आणि फळे आणावीत. बाळंतविड्यातील तो भाग आज आपल्या याद्यांतून गळला आहे, आणि तो पुन्हा पहिल्या ओळीत लिहावयास हवा.