तळ्यांचा ठेवा आणि माळव्याची भाकरी



वर्धापनोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. ‘पूर्वजांचा ठेवा व आजचा प्रपंच’ हा विषय मला दिला गेला. धर्मचर्चेचा अधिकार मजपाशी नाही. तेव्हा ज्या धार-देवासच्या भूमीवर आपले पूर्वज पवारांच्या निशाणाखाली येऊन स्थिरावले, तिच्या पाण्याविषयीच बोलावे, असे मी ठरविले आहे.

ठेवा म्हटला की आपणांस किल्ला, छत्री, दप्तर व देवालय आठवते. तळे कोणी त्यात धरीत नाही. परंतु धारची कथा तळ्यांवाचून सांगताच येत नाही. अकराव्या शतकात ही भोजराजाची राजधानी होती. त्याचा चुलता वाक्पती मुंज, त्याच्या नावाचा तलाव तेथे आजही आहे, आणि नगराभोवतालच्या जलाशयांना लोक ‘साडेबारा तलाव’ म्हणत आले. मांडवगडावर तर नदीच नाही. तेथील जहाज महाल दोन तळ्यांच्या मधोमध उभा आहे, आणि वरच्या कुंडात पाणी नेणारी पन्हळ मुद्दाम नागमोडी केली आहे. वळणांवर वेग मंदावून गाळ मागे राहतो. प्रवासी महालाचे चित्र घेऊन परततात, पन्हळीकडे क्वचितच कोणी पाहतो. भोज परमार कुळातला, मांडवचे सुलतान खिलजी. पण तहान दोघांच्याही प्रजेला सारखीच लागत असे.

आता देवासकडे वळतो. टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा आणि पायथ्याशी पवारांची थोरली पाती व धाकटी पाती, अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. स्वातंत्र्यानंतर तेथे कारखाने उभे राहिले. १९७४ साली चलनी नोटांचा छापखाना निघाला. कित्येक घरांची चूल त्यांवर पेटली, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार ज्याचे पोट भरलेले आहे त्याला तरी नाही. परंतु घरात नळ आला आणि तळे मनातून उतरले. शेतांत विंधणविहिरी शेकडो फूट खोल जाऊ लागल्या. अखेर १९९० च्या उन्हाळ्यात इंदुराहून देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले. देवीचे यात्रेकरू ज्या स्थानकावर उतरत, तेथे पाणी उतरू लागले!

याच देवासला १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने जर्जर होऊन कोरड्या हवेसाठी आले होते. रुग्णशय्येवरून त्यांनी माळवी लोकगीते व नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकली, आणि पुढे त्यांच्या ‘गीतवर्षा’त माळव्याचा पाऊस गाऊ लागला. ती गाणी आज जतन झाली आहेत, हे खरेच. पण ती मूळची ज्यांच्या कंठातली, त्या बायका रित्या घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना ती गाणार कोण?

२००६ पासून तेथे वेगळे घडले. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्याला द्यावा, असे ठरले. तळ्यास ‘रेवासागर’ म्हणावयाचे, आणि खोदणाऱ्यास ‘भगीरथ कृषक’. शेतकऱ्याला जमिनीचा तुकडा सोडणे म्हणजे अंगाचा लचका तोडणे. तरीही, प्रसंगी कर्ज काढून, हजारो तळी खोदली गेली व रब्बीचा गहू-हरभरा सावरला. तळी नवी होती, पण त्यांमागची अक्कल जुनीच होती. माझ्या मते नावांनीही मोठे काम केले. केवळ ‘जलसंधारण योजना’ म्हटले असते, तर इतक्या जणांनी कुदळ उचलली असती, असे मला वाटत नाही.

धार जिल्ह्यातील बाघ येथील छापकामाचेही असेच आहे. खत्री कारागीर लोहापासून काळा व तुरटीच्या साह्याने तांबडा रंग सिद्ध करतात, कापड धायटीच्या फुलांसह तांब्याच्या कढईत उकळतात, आणि ते धुण्यास वाहते पाणी लागते. त्या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु बाघिनी नदी आटली, तर मानांकनाच्या कागदावर कापड धुता येणार नाही.

आता स्पष्ट बोलतो, राग नसावा. उत्सवानिमित्त आवारात फरशी घालून जुनी बारव झाकावयाची व तेथे सभामंडप उभारावयाचा, असा विचार चालू असल्याचे मी ऐकतो. मंडपास माझा विरोध नाही. वृद्ध भक्तांनी उन्हात का बसावे? परंतु तो दहा हात पूर्वेस सरकू शकतो. बारव सरकू शकत नाही. तिच्यात आज गाळ व निर्माल्य आहे, म्हणून ती निरुपयोगी दिसते. गाळ काढण्याचा खर्च मंडपाच्या मानाने थोडा आहे, आणि मठाच्या छताचे पाणी पन्हळीने तिच्यात सोडले, तर भोवतालच्या वस्तीतील विहिरींनाही त्याचा लाभ होईल. त्या वस्तीतले सगळेच आपले भक्त नाहीत, हे मला ठाऊक आहे.

विश्वस्त मंडळींनी निर्णय घेण्यापूर्वी एकदा पायऱ्या उतरून पाहावे, एवढीच विनंती. वरच्या चौदा पायऱ्या शाबूत आहेत. मी काल सकाळी त्या मोजल्या. त्याखाली किती आहेत, ते गाळ काढल्यावरच कळेल.