जुनी मोटार : नवी करावी की आहे तशी ठेवावी?

१९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात नागपूरची राजधानी उठली आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ येथे स्थापन झाली. दप्तरांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबेही इकडे आली, आणि पुढे त्यांतील काहींची घरे अरेरा कॉलनीत झाली. अशाच एका बंगल्याच्या मागील पत्र्याच्या छपरीत, ताडपत्रीखाली, १९६४-६५ च्या सुमाराची एक फियाट उभी आहे असे समजू या. घरधनी निवर्तले आहेत, बंगल्याच्या जागी मजल्यांची इमारत उठावयाची आहे, आणि मोटार तर हलविलीच पाहिजे. थोरला मुलगा म्हणतो, “पत्रे ठोकून, रंग देऊन चकचकीत करू, चार पैसे अधिक येतील.” धाकटी बहीण म्हणते, “दादा, बाबांची गाडी आहे तशीच राहू दे. ज्याला हवी तो तशीच नेईल.” दोघांपैकी बरोबर कोण?

पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. जुनी मोटार म्हणजे ती आरशासारखी चमकली पाहिजे, अशीच सर्वत्र समजूत होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींचे प्रख्यात प्रदर्शन भरते. तेथील सर्वोच्च मान दीर्घकाळ नव्याने सजविलेल्या मोटारींनाच मिळत आला. २०२४ साली मात्र तो बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे एके काळी असलेल्या १९३४ च्या बुगाटीस मिळाला. तिचा जुना, विटलेला रंग तसाच राखलेला होता, आणि नूतनीकरण न केलेल्या मोटारीस हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी २०१५ साली पॅरिसच्या लिलावात, फ्रान्समधील एका छपरीत मासिकांच्या गठ्ठ्यांखाली धूळ खात पडलेली फेरारी एक कोटी साठ लाख युरोंहून अधिक किमतीस गेली. घेणाराने धुळीचे पैसे दिले असे कोणी थट्टेने म्हणेल. परंतु त्याने पैसे दिले ते शंकेच्या अभावाचे. रंगाखाली काय दडविले आहे, कोणता भाग मागाहून बसविला आहे, ही शंका अशा मोटारीविषयी फारशी उरत नाही. नवा रंग दहा वेळा देता येतो, मूळ रंग एकदाच दिलेला असतो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या सागवानी नक्षीवर हौसेने तैलरंग फासणारांना ही गोष्ट कोणी वेळीच सांगावयास हवी होती.

तथापि फेरारीचा न्याय फियाटला लावणे धाडसाचे होईल. ती फेरारी थोडक्या संख्येत निघालेली. फियाट वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात हजारोंनी काढली. तिचीच पुढची पिढी, पद्मिनी, टॅक्सी होऊन २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत धावत होती. अशा मोटारीस दुर्मिळतेचे मोल नाही. म्हणूनच थोरल्याचा हिशेबही चुकतो. पत्र्याचे काम, क्रोमचा मुलामा, गाद्या, काचांचे रबर, सगळे मनापासून करावयाचे तर होणारा खर्च विक्रीत भरून निघणे कठीण. आणि वरवर केले तर जाणता गिऱ्हाईक लोहचुंबक फिरवून पुट्टी हुडकून काढतो.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पूर्वी नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंद होणारीस ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो व त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क पडते. अशी मोटार रोजच्या वापरास मात्र काढता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मुख्य अट अशी की ती मूळ रूपात असावी. सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. पेट्रोल वाचविण्यासाठी कित्येक अँबॅसिडरांत डिझेल इंजिने बसविली गेली. त्या शहाणपणाची किंमत आता त्यांच्या मालकांना मोजावी लागेल. फियाटची गोष्ट याहून नाजूक, कारण तिला वेगळा सांगाडा नाही. कवच हाच सांगाडा. तळपत्रा कापून मनमानी जोड दिला की घाव थेट तिच्या मुळावर पडतो.

मग बहिणीचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करावे काय? तेही नाही. भोपाळच्या पावसाळ्यातील दमट हवा ताडपत्रीखाली कोंडते, आणि गंज काही वडिलांची आठवण म्हणून थांबत नाही. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होते, ब्रेकच्या नळ्या चिरतात, तारांवरील वेष्टन झडते. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या, तारा, टायर बदलणे म्हणजे नूतनीकरण नव्हे. तांब्याच्या भांड्याला पुन्हा कल्हई लावली म्हणून भांडे बदलत नाही, तसेच हे. गंज थांबवावा, कुजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच जाडीचा पत्रा त्याच आकारात बसवावा, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा. रंग जेथे धरून आहे तेथे त्याला हात लावू नये.

उरले कागद. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी अमेरिकन डुसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगने साज चढविला, हे नोंदलेले आहे म्हणून त्या मोटारीला इतिहास आहे. साध्या फियाटचा इतिहास लहान, पण त्या काळी मोटारीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. त्या प्रतीक्षेचे पत्र, पावती, नोंदणीचे पुस्तक कपाटात असेल तर ते मोटारीबरोबर गेले पाहिजे. तेव्हा भावंडांनी आधी ते पुस्तक शोधावे, ताडपत्री काढून इंजिनावरील क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा, आणि तळपत्रा खालून ठोकून पाहावा. क्रमांक जुळला व पत्रा खणखणीत वाजला, तर रंगाऱ्याऐवजी जुन्या फियाटचा हात असलेला मिस्त्री बोलवावा.