आकाशातून दिसणारे शेत



हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करते. अवरक्तातून लाल वजा करून बाकीस दोहोंच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून, दहा मीटरच्या प्रत्येक चौकोनासाठी, संगणकाची आज्ञावली हे गणित करते.

परंतु २५ जानेवारी २०२२ पासून, अंधाऱ्या पृष्ठभागांची उणे मूल्ये गमावू नयेत म्हणून, या प्रतिमांतील मूल्यांत १००० मिळवले जाऊ लागले. अवरक्त ४००० व लाल १००० असता निर्देशांक ०.६० येतो. आज्ञावलीने ते वाढीव हजार वजा केले नाहीत, तर ५००० व २००० धरून तो ०.४३ येतो. शेत तेच, पीक तेच. तरीही नकाशावर ते कोमेजलेले दिसते!

भारतात दुष्काळाच्या मूल्यमापनात हा निर्देशांक विचारात घेतला जातो. म्हणून आपल्या संगणकक्षेत्रातील तरुणांना माझी विनंती आहे : प्रतिमेसोबतची माहिती वाचा, ढगाळ चौकोन वगळा, उत्तर ओळखीच्या शेतावर ताडून पाहा. यंत्राने सांगितले म्हणून मानू नका. आपल्या एका विसरलेल्या वजाबाकीचे मोल दूरचा शेतकरी मोजत असतो.