शेर, मण आणि किलो
(बपेरा येथे प्रौढ वाचकांपुढे केलेले भाषण)



आपण रोज काही ना काही विकतो, विकत घेतो. तोंडात अजून जुने शब्द आहेत. पावशेर, अदपाव, मण, तोळा. तराजूवर मात्र किलो आणि ग्रॅम आहेत. बोलायचे एक आणि मोजायचे दुसरे, असे झाले की मध्ये गफलत होते. ती नेहमी ज्याला हिशेब येत नाही त्याच्याच अंगावर येते. म्हणून आज हा हिशेब नीट समजून घेऊ.

पहिल्यांदा जुनी वजने पाहू. चांदीचा जुना रुपया एक तोळा वजनाचा होता. पाच तोळ्यांची एक छटाक. दोन छटाकांचा अदपाव. चार छटाकांचा पावशेर. सोळा छटाकांचा, म्हणजे ऐंशी तोळ्यांचा एक शेर. पाच शेरांची पासरी. आठ पासऱ्यांचा, म्हणजे चाळीस शेरांचा एक मण.

हिशेब सोपा होता. मग तो बदलला कशाला? कारण नाव एक असले तरी वजन एक नव्हते. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा मण सुमारे ३७ किलोचा होता. मुंबईचा जुना मण होता २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२ किलो ७०० ग्रॅमचा. दोघेही मणच म्हणत! एका गावचा माणूस दुसऱ्या गावी माल घेऊन गेला, तर त्याने भाव कसा करावा?

धान तर पायलीने मोजत. पायली हे भांडे आहे, वजन नव्हे. एक पायली धान आणि एक पायली तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही. शिवाय घेणारा शीग लावून घेई आणि देताना सपाट माप देई. घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे, ही म्हण उगीच पडली नाही.

सगळ्या देशात एकच वजन असावे म्हणून १९५६ साली कायदा झाला. त्याच वर्षी आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. पुढे १९६० साली तो महाराष्ट्रात आला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने बाजारात येऊ लागली. १९६२ साली ती सक्तीची झाली. आता नदीपलीकडे बालाघाटला जा, नाही तर तुमसरला जा, किलो सगळीकडे एकच.

आता मुख्य गोष्ट. जुन्याचे नवे कसे करायचे? एक तोळा म्हणजे ११ ग्रॅम ६६४ मिलिग्रॅम. एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. एक मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम. एवढे आकडे कोण लक्षात ठेवणार? त्यापेक्षा या तीन ओळी पाठ करा :

३ तोळे म्हणजे ३५ ग्रॅम.
१५ शेर म्हणजे १४ किलो.
३ मण म्हणजे ११२ किलो.

यात फरक पडतो तो अगदी थोडा. घरच्या हिशेबाला एवढे पुरे.

आता हे कुठे उपयोगी पडते ते पाहा. समजा, घरात आजीचे चांदीचे तोडे आहेत. आजी सांगून गेली, "तीस तोळे आहेत." तीसमध्ये तीन दहा वेळा जातात. दहा वेळा ३५ म्हणजे ३५० ग्रॅम. पण आज बाजारात तोळा दहा ग्रॅमचा धरतात. कोणी म्हणाले, "तीस तोळे ना? मग झाले ३०० ग्रॅम," तर ५० ग्रॅम चांदी बोलता बोलता गेली! सोन्याचेही तसेच. जुने पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅमांहून थोडे जास्त, ५० नव्हे. म्हणून दागिना विकताना, गहाण ठेवताना किंवा भावाबहिणींत वाटताना तोळे सांगू नका. समोर तोलून घ्या आणि ग्रॅम लिहून घ्या.

मणाचे उलट आहे. कोणी मण म्हटला की ४० किलो धरतो. तुम्ही जुन्या मणाचा भाव मनात धरून दहा मण धान दिले आणि त्याने ४०० किलो तोलून घेतले, तर २६ किलो ७६० ग्रॅम धान फुकट गेले. वीस रुपये किलोने ते ५३५ रुपये झाले. म्हणून भाव ठरवतानाच विचारा, "बाप्पा, तुझा मण किती किलोचा?" यात लाज कसली? त्यापेक्षा क्विंटलने बोला. क्विंटल म्हणजे १०० किलो. त्यात दोन अर्थ निघत नाहीत.

शेवटी तराजूकडे पाहा. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का? वजनावर सरकारी छाप आहे का? दुकानातला विजेचा काटा दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. त्याचा दाखला बघायला मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. तुम्हाला आता वाचता येते. तो दाखला वाचा. पावतीवरचा आकडा वाचा. मगच अंगठा नव्हे, सही करा.

घरी करून पाहा :
१. सहा मण धानाचे किलो किती?
२. पंचेचाळीस शेर गुळाचे किलो किती?
३. बारा तोळ्यांच्या साखळीचे ग्रॅम किती?

उत्तरे : २२४ किलो, ४२ किलो, १४० ग्रॅम.