‘चार्ज’चा भार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘स्वभाषा आणि व्यवहार’ या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



स्वभाषेविषयी बोलताना आपण बहुधा तिच्या वैभवाचे वर्णन करतो. आज मात्र मी आपल्या घरोघरी वावरणाऱ्या एका परकीय शब्दाचा विचार मांडणार आहे. तो शब्द म्हणजे ‘चार्ज’.

आपण मोबाईल चार्ज करतो. बँक चार्ज लावते. नवा अधिकारी चार्ज घेतो. पोलीस लाठीचार्ज करतात आणि न्यायालयात आरोपीवर चार्ज ठेवला जातो. एकच शब्द आणि पाच व्यवहार! हे कसे घडले? लॅटिनमध्ये ‘कारस’ म्हणजे गाडी. तीवरून गाडीत ओझे भरणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. जहाजावरचा ‘कार्गो’ याच कुळातला. ओझे गाडीवरून माणसावर आले, तेव्हा ती जबाबदारी झाली. खर्चाचे ओझे ते मूल्य. दोषाचे ओझे तो आरोप. तोफेत भरली ती दारू. पुढे वीजही याच शब्दात भरली गेली. इंग्रजीची ही लवचीकता कौतुकास्पद आहे. इंग्रजीचा द्वेष करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

परंतु हीच कल्पना आपल्याकडे स्वतंत्रपणे रुजलेली आहे. संस्कृतमधील ‘भृ’ या धातूपासून भार, कार्यभार, प्रभार, अधिभार हे शब्द आले. विज्ञानाच्या मराठी पुस्तकातील विद्युत प्रभारही तिथलाच. ‘आरोप’ म्हणजेही मुळात वर ठेवणे. फरक एवढाच, की आपण प्रत्येक भाराला वेगळे नाव दिले. या वेगळेपणाचे मोल व्यवहारात कळते.

आपले वीज देयक पाहा. त्यात स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार आणि वीज शुल्क अशा नोंदी असतात. ‘आकार’ हा वीज कंपनीचा, तर ‘शुल्क’ हा शासनाचा कर. दोहोंना ‘चार्ज’ म्हटले की कोणाला काय द्यावे लागते, हेच ग्राहकाला उमगत नाही.

न्यायालयात तर प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आणि अब्रूचा असतो. तपास संपल्यावर पोलीस दाखल करतात ते दोषारोपपत्र. ते पाहून न्यायाधीश ठरवतात ती आरोपनिश्चिती. अपराध सिद्ध होणे ही त्यापुढची, अगदी निराळी गोष्ट. ‘चार्ज लागला’ या दोन शब्दांत या साऱ्या पायऱ्या पुसल्या जातात आणि निकालापूर्वीच गाव माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, पूर्वीच्या कायद्याप्रमाणेच, आरोप न्यायालयाच्या भाषेत लिहावा आणि आरोपीला वाचून समजावून सांगावा, असे बंधन आहे. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ मध्येच निघाली. म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. आत पाऊल टाकायचे ते आपण.

छत्रपती शिवाजी महाराजांनी नेमके हेच ओळखले होते. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश त्यांनी सिद्ध करवून घेतला. राज्य आपले आणि त्याची भाषा परक्याची, ही विसंगती त्यांना मान्य नव्हती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तीच परंपरा पुढे नेली. महापौर, दिनांक हे त्यांचे शब्द आज आपण इतक्या सहजतेने वापरतो, की ते कोणी तरी घडवले होते, याचीही आठवण उरलेली नाही. शब्दाचे यश ते हेच! १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आपल्या हाताशी आहेत.

तेव्हा, बंधु-भगिनींनो, उणीव शब्दांची नाही, वापराची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण साजरा केला. त्या आनंदाला कृतीची जोड द्या. शाखेचा, संस्थेचा, सोसायटीचा हिशेब लिहिताना ‘शुल्क’ लिहा. पद स्वीकारताना ‘कार्यभार’ घ्या. एखाद्यावर आरोप झाला, तर तो अद्याप आरोपच आहे, हे नेमक्या शब्दांत सांगा. नेमका शब्द वापरणे हा केवळ भाषाभिमान नव्हे. तो न्यायाचाही आग्रह आहे.