बर्फाखालचे बांध



वैशाखाच्या या उकाड्यात आम्ही आपणांस बर्फात घेऊन जाणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण ज्या देशात जावयाचे तो नॉर्वे मराठी रसिकांना अगदीच परका नाही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ब्यर्न्सन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून बेतलेले होते, आणि इब्सेनचे नाव तर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथली नाटके आपण घेतली. तिथले रान मात्र पाहावयाचे राहून गेले. ते आज पाहू.

‘स्की’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. आरंभी ही फळी खेळासाठी नव्हती. जिथे वर्षातले कित्येक महिने वाटा बर्फाखाली जातात, तिथे शिकारीला, लाकडाला किंवा शेजारच्या वाडीला जावयाचे तर पायांत ती बांधण्यावाचून गत्यंतर नसे. तिचा खेळ केला तो गरिबांनी. टेलेमार्क प्रांतातल्या मॉर्गेदाल गावी सोंद्रे नूरहेम नावाचा एक कूळकरी राहत होता. कोवळ्या फांद्यांना पीळ देऊन त्यांचे बंद त्याने टाचेभोवती आवळले. त्यामुळे उडी मारली तरी फळी पायातून निसटेना, आणि उतारावर हवे तसे वळता येऊ लागले. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, राजधानीतल्या शर्यतीत उतरून त्याने शहरवासीयांना थक्क केले. पुढे १८८४ साली तो पोटासाठी अमेरिकेला गेला आणि १८९७ साली तिकडेच वारला. १९५२ साली ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा त्याची ज्योत याच माणसाच्या घरच्या चुलीपाशी पेटविण्यात आली. दरिद्री म्हणून ज्याला देश सोडावा लागला, त्याच्या चुलीचा देशाने असा मान राखला!

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ऑस्लो शहराच्या उत्तरेला नूरमार्का नावाचे सूचिपर्णी वृक्षांचे अफाट रान आहे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी शहरातल्या आगगाडीत माणसे खांद्याशी फळ्या उभ्या धरून बसलेली दिसतात. त्यांत कारकून असतात, शिक्षक असतात, आजोबा असतात, नुकतीच चालू लागलेली पोरे असतात. शेवटच्या स्थानकावर उतरावयाचे, फळ्या बांधावयाच्या आणि झाडीत शिरावयाचे. तिकीट नाही, फाटक नाही. आणि या रानाचा फार मोठा भाग खाजगी मालकीचा आहे! मालक झाडे तोडतो, लाकूड विकतो. पण पायी किंवा स्कीवर फिरणाऱ्याला अडवू शकत नाही.

ही पूर्वापार रीत १९५७ साली कायद्यात आली. बिनलागवडीच्या जमिनीवर कोणीही, वर्षभर, मालक कोणीही असो, जपून हिंडावे. लागवडीच्या जमिनीवर मात्र ती गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असतानाच जावे. त्यातही ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर मुळीच जाऊ नये, आणि घराच्या अंगणातून तर कधीच नाही. म्हणजे बर्फ पडले की शेताचे बांध डोळ्यांना दिसत नाहीत आणि कायद्यालाही दिसत नाहीत! पण हा हक्क फुकटचा नाही. तंबू राहत्या घरापासून दीडशे मीटर दूर असावा, दोन रात्रींहून अधिक मुक्काम करावयाचा तर मालकाची परवानगी घ्यावी, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात वा रानाजवळ उघडी शेकोटी पेटवू नये.

कायद्याहून बोलकी गोष्ट तिथल्या डोंगरातल्या झोपड्यांची आहे. १८६८ साली स्थापन झालेल्या गिरिभ्रमण संस्थेच्या अशा पाचशेहून अधिक झोपड्या आहेत. त्यांतल्या कित्येकांत राखणदार नसतो. सभासदाजवळ किल्ली असते. फडताळात डबाबंद अन्न असते. आपण काय खाल्ले ते आपणच लिहावयाचे, पैसे आपणच भरावयाचे, भांडी घासून, लाकडे फोडून ठेवून निघावयाचे. पाहणारे कोणी नाही. पण उद्या वादळात सापडून जो येईल त्याला सरपण कोरडे मिळाले पाहिजे, हे मनात असते. १९६७ च्या ईस्टरमध्ये डोंगरांत बरीच माणसे दगावली, तेव्हा तिथे पर्वतनियमांचा नव्याने प्रचार झाला. वेळीच माघारी फिरण्यात लाज नाही, हा त्यांतला एक नियम. शौर्याच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपणां मराठी माणसांनी तो जरूर ध्यानात ठेवावा.

या रानावर आज दोन संकटे आहेत. शहर वाढत आहे. म्हणून २००९ साली ऑस्लोभोवतीच्या रानासाठी वेगळा कायदा करून त्यात बांधकामास आळा घातला गेला. दुसरे संकट हवामानाचे. सखल भागात बर्फाचे दिवस कमी होत चालले आहेत. मालकाला आवर घालणारा कायदा संसदेने केला. बर्फाने यावे असा कायदा कोण करणार?

आपण म्हणाल, हे तिकडे शोभते. खरे आहे. मुख्य भूमीपुरता नॉर्वे महाराष्ट्राहून थोडासाच मोठा. पण वस्ती सुमारे पंचावन्न लाख. आपली २०११ च्या शिरगणतीत ११ कोटी २४ लाख. त्यांचा कायदा जसाच्या तसा सह्याद्रीवर घातला तर वर्षभरात करवंदीची जाळीदेखील उरावयाची नाही. पण झोपडीतली ती सवय आणावयास बर्फ लागत नाही, की कमी वस्तीही लागत नाही. आपल्याकडे गडावर गेलो की तो ‘आपला’ असतो, आणि खाली उतरताना तिथला कचरा ‘सरकारचा’ होतो. जी वस्तू हिंडताना आपली, ती सांभाळतानाही आपली, एवढे आपण मानू लागलो, तर उद्या मोकळे रान मागण्याचा अधिकार आपल्याला येईल. तोवर फाटके आणि पहारेकरी आपल्या नशिबी आहेत, आणि त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.